ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआय: कंपनीचा कागदी एअर फिल्टर की बाहेरचा सुती?

कात्रजकर

नमस्कार मंडळी. 2018 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया, 1.8 टीएसआय, सात गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), गेल्या वर्षी माझ्या नावावर झाली. मी तिचा दुसरा मालक. गाडी 62,000 किलोमीटर चालली आहे आणि इंजिनात कोणताही बदल केलेला नाही. शेंद्र्याच्या कारखान्यातून निघताना जे 180 पीएस (अश्वशक्ती) आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) होते, तेच आजही आहेत असे मी समजून चालतो.

पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंग आहे आणि एअर फिल्टर बदलायचा आहे. दुकानदाराने दोन पर्याय पुढे ठेवले. एक कंपनीच्या शिक्क्याचा कागदी फिल्टर. दुसरा तेल लावलेला सुती पॅनेल फिल्टर, जो कंपनीच्याच डब्यात बसतो आणि ज्याची किंमत कागदी फिल्टरच्या चार-पाच पट आहे. दुकानदाराच्या म्हणण्यानुसार सुती फिल्टरने पाच ते सात अश्वशक्ती वाढतात, मायलेज सुधारते आणि तो धुऊन धुऊन आयुष्यभर वापरता येतो. एकाच वस्तूने ताकदही वाढावी आणि पेट्रोलही वाचावे, हे ऐकूनच मी पाकीट पुन्हा खिशात ठेवले.

माझा रोजचा प्रवास कात्रज ते हिंजवडी, म्हणजे बाह्यवळण मार्ग आणि त्यावरची कायमची खोदकामे. महिन्यातून एकदा भोरजवळच्या गावी जातो, तिथले शेवटचे चार किलोमीटर मुरमाचा रस्ता आहे. तेव्हा धुळीची धास्ती आहेच. पण खरे सांगायचे तर मित्राच्या ऑक्टाव्हियात सुती फिल्टर बसवल्यानंतर टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) जो आवाज येऊ लागला आहे, तो माझ्या कानात बसला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

यंत्रवेडा

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. ‘आफ्टरमार्केट’, म्हणजे गाडीच्या कंपनीबाहेरचा माल, या एका नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या वस्तू ठेवतो. मान, माहले, बॉश, प्युरोलेटर अशांचे कागदी फिल्टर ही पहिली वस्तू. ते कंपनीच्या फिल्टरच्याच घडणीचे असतात आणि पुष्कळदा गाडीच्या कंपनीला माल पुरवणाराच तो स्वतःच्या खोक्यात घालून विकत असतो. के अँड एन, बीएमसी, पायपरक्रॉस यांचे तेल लावलेल्या सुती जाळीचे किंवा फोमचे फिल्टर ही दुसरी वस्तू. तुमचा प्रश्न दुसऱ्या वस्तूबद्दल आहे, पण खर्चाचा विचार करताना पहिली विसरू नका.

आता ताकद. तुमच्या इंजिनाचा टॉर्कचा आलेख पाहिलात तर मिनिटाला 1,250 ते 5,000 फेऱ्यांपर्यंत 250 न्यूटन मीटरची पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ दिसेल. कोणतेही इंजिन आपणहून अशी रेघ काढत नाही. ती ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, आखून दिलेली आहे. हेच 1.8 चे इंजिन सुपर्बमध्ये सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत 320 न्यूटन मीटर देत असे. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची मर्यादा 250 ची असल्यामुळे तुमच्या गाडीत ते तिथेच अडवले आहे. थोडक्यात, हवा कमी पडते म्हणून टॉर्क थांबलेला नाही, पुढे जायची परवानगी नाही म्हणून थांबलेला आहे. फिल्टर कितीही मोकळा केला तरी ती परवानगी मिळत नाही.

प्रश्न उरतो तो 5,000 फेऱ्यांच्या वरचा. ढोबळ हिशोब करू. 180 पीएस म्हणजे 132 किलोवॅट. एवढी ताकद काढायला इंजिनाला तासाला सुमारे 500 किलो हवा लागते. पुण्याच्या हवेत त्याचे सेकंदाला सव्वाशे लिटर होतात. दोनशे लिटरचे पिंप दोन सेकंदांच्या आत रिकामे. एवढी हवा गाळताना फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाबात जो फरक पडतो, तोच तुमचा तोटा. समजा कागदी फिल्टरपाशी दोन किलोपास्कल पडतात आणि सुती फिल्टरपाशी एक. पुण्यात हवेचा दाब साधारण 95 किलोपास्कल असतो. ईसीयूला इंजिनाच्या तोंडाशी 180 किलोपास्कल हवे असतील, तर टर्बोला कागदी फिल्टर असताना 93 चे 180 करावे लागतात आणि सुती असताना 94 चे 180. गुणोत्तर अनुक्रमे 1.935 आणि 1.915. फरक एका टक्क्याचा, आणि तोही टर्बो स्वतः भरून काढतो, तुमच्या उजव्या पायाला कळतसुद्धा नाही.

तुलनेसाठी सांगतो, हीच गाडी घेऊन तुम्ही महाबळेश्वरला गेलात की हवेचा दाब 86 च्या आसपास उतरतो. घाट चढताना नऊ किलोपास्कल गेले तरी आपण तक्रार करत नाही, आणि एका किलोपास्कलसाठी चार-पाच पट पैसे मोजायला निघतो.

ठाणेकर_टर्बो

यंत्रवेडा साहेबांचे गणित मला मान्य आहे, पण गाडी गणितासाठी कोणी घेत नाही. माझ्याकडे पूर्वी एक हॅचबॅक होती, तिला मी उघडा कोन फिल्टर लावला होता. प्रत्येक वेळी पाय उचलला की येणारा तो ‘फुस्स’ आवाज ऐकण्यासाठी मी घोडबंदर रस्त्यावर विनाकारण चकरा मारल्या आहेत. खेचही वाढल्यासारखी वाटत असे.

‘वाटत असे’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. पुढे ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर जोडून पाहिले, तेव्हा ठाण्याच्या गर्दीत आत येणाऱ्या हवेचे तापमान कंपनीच्या डब्यापेक्षा बरेच चढलेले दिसले. उघडा फिल्टर बोनेटखालची, रेडिएटरवरून आलेली तापलेली हवा ओढतो, तर कंपनीच्या डब्याचे तोंड पुढच्या जाळीमागे, थंड हवेत असते.

नंतर मी तो फिल्टर लांब नळीने बंपरच्या खालच्या कोपऱ्यात नेला. हवा थंड मिळू लागली, पण त्या पावसाळ्यात एका भुयारी मार्गातले गुडघ्याएवढे पाणीही तिथूनच आत शिरले. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना ते मध्ये सापडले आणि एक कनेक्टिंग रॉड वाकला. चूक सर्वस्वी माझीच होती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात गाड्या बंद पडलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तरीही नळी खाली नेली.

आता माझ्याकडे टर्बो सेदान आहे. तिच्यात कंपनीचाच डबा आणि आत सुती पॅनेल फिल्टर, असा मध्यममार्ग मी तीन वर्षे चालवतो आहे आणि समाधानी आहे.

यंत्रवेडा

ठाणेकर, तापमानाची तुमची निरीक्षणे नेमकी आहेत. हवा 40 अंशांवरून 55 अंशांवर गेली की तिची घनता साडेचार टक्क्यांच्या आसपास घटते. इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) त्यातले पुष्कळसे सावरतो, पण उन्हाळ्यात सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीचा इंटरकूलरही तापलेलाच असतो. अशा वेळी नॉक, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून बसणारे हादरे, टाळण्यासाठी ईसीयू प्रज्वलन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. फिल्टरने कमावलेला टक्का असा दुप्पट-चौपट होऊन परत जातो. तुमच्या आताच्या मध्यममार्गावर मात्र माझा आक्षेप नाही.

मधुरा_नाशिक

वाहनांच्या सुट्या भागांच्या चाचणी प्रयोगशाळेत मी सहा वर्षे काम केले आहे, म्हणून धुळीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. आतापर्यंतची चर्चा हवा किती आत जाते याची झाली. फिल्टर मुळात बसवलेला असतो तो काय आत जाऊ नये यासाठी.

फिल्टरची चाचणी आयएसओ 5011 या मानकाप्रमाणे होते. ठरावीक वेगाने हवा ओढत त्यात आयएसओ 12103-1 मधली प्रमाणित धूळ, मोजून, हळूहळू सोडतात. ही धूळ ए1 ते ए4 अशा चार प्रतींत मिळते, ए1 सर्वांत बारीक आणि ए4 सर्वांत भरड. फिल्टरच्या पलीकडे दुसरा एक अत्यंत बारीक फिल्टर असतो, तो चाचणीच्या आधी आणि नंतर तोलला की किती धूळ निसटली ते कळते. तीन गोष्टी मोजल्या जातात: हवेला होणारा अडथळा, गाळणक्षमता आणि अडथळा ठरावीक मर्यादेला पोचेपर्यंत फिल्टर किती धूळ पोटात ठेवतो ते. या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या पायात पाय घालतात. जाळी मोकळी केली की हवा सहज जाते आणि तिच्याबरोबर धूळही.

जाहिरातीतले टक्के वाचताना एक चष्मा बदलावा लागतो. 99.5 टक्के आणि 98 टक्के हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की दोन्ही उत्तम वाटतात. पण इंजिनाला अडवलेल्या धुळीशी देणेघेणे नाही, निसटलेल्या धुळीशी आहे. शंभर ग्रॅम धूळ आली असे मानले, तर पहिल्या फिल्टरमधून अर्धा ग्रॅम जाते आणि दुसऱ्यातून दोन ग्रॅम, म्हणजे चौपट. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात, पण हिशोबाची रीत हीच.

दुसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. फिल्टर नवा असतो तेव्हा सर्वांत कमी गाळतो. पृष्ठभागावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच पुढची धूळ अडवू लागतो आणि क्षमता चढत जाते. माहितीपत्रकात बहुतेक वेळा छापलेली असते ती संपूर्ण चाचणीची सरासरी क्षमता, सुरुवातीची नव्हे. सुती फिल्टर तुम्ही जितक्या वेळा धुता, तितक्या वेळा त्याला पुन्हा सुरुवातीच्या, कमी गाळणाऱ्या अवस्थेत नेऊन ठेवता. दर पाच हजार किलोमीटरला हौसेने फिल्टर धुणारे लोक इंजिनाची सेवा करत नसतात. के अँड एनसारख्या कंपन्या स्वतःच साध्या रस्त्यावर 50,000 मैलांपर्यंतची मुदत सांगतात. आपल्याकडच्या धुळीत ती कमी धरावी लागेल, पण दर महिन्याला धुण्याचे कारण नाही. कागदी फिल्टरही नुसता मळका दिसतो म्हणून मुदतीआधी बदलू नये, ते याच कारणाने.

कात्रजकर, तुमच्या मुरमाच्या चार किलोमीटरांसाठी मी कागदच निवडेन.

वस्ताद_कोल्हापूर

माझे वडिलोपार्जित गॅरेज आहे. मधुराताईंनी लिहिले ते आम्ही प्रयोगशाळेशिवाय, बोटाने शिकलो. फिल्टर काढल्यावर डब्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूला, पांढरे फडके फिरवायचे. फडके पांढरे राहिले तर फिल्टर चांगला, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

तेलावर धूळ चिकटवण्याची कल्पना काही कालची नाही. आमच्याकडे उसाच्या हंगामात येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांना ऑइल बाथ फिल्टरच असायचे. खाली वाटीत तेल, वर तारेचा चोथा. हवा तेलावर आपटून वळायची आणि धूळ तेलात बसायची. संध्याकाळी वाटी काढली की तळाला काळी खीर. ती दररोज साफ करणारा ड्रायव्हर असेल तर इंजिन चालायचे, आळशी असेल तर नाही. सुती फिल्टरचेही तेच आहे. तो वाईट नाही, पण मालकाकडून काम मागतो, आणि बहुतेक मालक पहिल्या वर्षानंतर विसरतात.

गेल्या वर्षी एक गाडी आली. कुठल्याशा कार्यशाळेत सुती फिल्टर धुऊन, तो लालभडक होईपर्यंत तेल पाजले होते. जादा तेल हवेबरोबर पुढे जाऊन एअर मास सेन्सरच्या तापलेल्या पट्टीवर बसले आणि सेन्सर हवा चुकीची मोजू लागला. गाडी आयडलला डुलत होती, चेक इंजिनचा दिवा लागला होता आणि मालक टर्बो गेला या भीतीने अर्धमेला झाला होता. सेन्सरच्या क्लीनरने पट्टी साफ केली, गाडी बरी झाली. सगळ्याच टर्बो गाड्यांना हा सेन्सर नसतो. पुष्कळ गाड्या मॅनिफोल्डमधल्या (इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या नळ्यांमधल्या) दाबावरून हवेचा हिशोब करतात. फिल्टरच्या डब्यानंतर लगेच नळीवर वायर जोडलेला सेन्सर दिसतो का, ते विकत घेण्याआधी बघावे.

आणि एक विनंती. कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरने हवा मारून तो पुन्हा बसवायची जी रीत आपल्याकडे आहे, ती सोडा. मीही वीस वर्षे मारली. जवळून मारलेल्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि गिऱ्हाईक मात्र ‘फिल्टर साफ केला’ या समाधानात घरी जाते.

कात्रजकर

सर्वांचे मनापासून आभार. मायलेजबद्दल कोणीच लिहिले नाही. दुकानदाराचा सर्वांत जोर त्यावरच होता.

यंत्रवेडा

लिहिण्यासारखे फारसे नाही म्हणून राहिले. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली हेच तपासले होते. संगणकाने नियंत्रित, इंधन इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये तुंबलेला फिल्टर बदलून नवा घातला तरी मायलेजमध्ये फरक पडला नाही. वेग घेण्याच्या वेळेत मात्र 6 ते 11 टक्के सुधारणा दिसली. कारण सरळ आहे. संथ चालवताना पेट्रोल इंजिनाची हवा थ्रॉटलची झडप स्वतःच अडवून धरते. फिल्टरने आणखी थोडी अडवली तर ईसीयू झडप तेवढी जास्त उघडतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत मायलेज खरोखर घटत असे, आणि दुकानदारांचे वाक्य त्या काळापासून तसेच राहिले आहे. लक्षात घ्या, हा प्रयोग तुंबलेल्या आणि नव्या फिल्टरमधला होता. नवा कागदी आणि नवा सुती यांत मायलेजचा फरक शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत नसलेली सुई शोधणे.

सॅन_होजेकर

दुसऱ्या टोकाची थोडी माहिती. हा सुती फिल्टर मुळात इथलाच. के अँड एनची सुरुवात 1969 साली दक्षिण कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडमध्ये झाली. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांच्या पहिल्या नावांची ती आद्याक्षरे. मोटारसायकली विकण्याचा व्यवसाय आणि वाळवंटातल्या शर्यती, यांतून तो फिल्टर निघाला. शर्यतीत एका दिवसात फिल्टर तुंबतो, धुऊन दुसऱ्या दिवशी वापरायचा असतो आणि इंजिन हंगामाअखेरीस उघडायचेच असते. रोज कचेरीत जाणाऱ्या माणसाची गरज याच्या नेमकी उलट असते.

कायद्याच्या बाजूने इथे कंपनीच्या डब्यात बसणाऱ्या फिल्टरला अडचण नाही. डबाच बदलून उघडी रचना करायची असेल, तर राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा त्या उत्पादनासाठी दिलेला आदेश क्रमांक लागतो आणि धूर तपासणीत तो पाहिला जातो. भारतात काय स्थिती आहे?

मधुरा_नाशिक

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपासून बदलतील असे फेरफार करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते कडकपणे वाचले आहे. फिल्टरची जात काही प्रमाणपत्रावर छापलेली नसते, त्यामुळे डब्यातल्या पॅनेल फिल्टरने कलम ओढवेल असे मला वाटत नाही. वॉरंटीत असलेल्या गाडीचा टर्बो गेला आणि सर्व्हिस सेंटरने डबा उघडून लाल फिल्टर पाहिला, तर मात्र वाद कुठून सुरू होईल हे सांगायला वकील नको. कात्रजकरांची गाडी वॉरंटीबाहेर आहे, तेव्हा तो मुद्दा इथे लागू नाही.

कात्रजकर

मंडळी, शनिवारी एक प्रयोग केला आणि त्यात भलतेच काही सापडले. सविस्तर लिहितो.

वस्तादांनी सांगितलेली फडक्याची परीक्षा करावी म्हणून डब्याचे झाकण उघडायला घेतले. चांदणीच्या डोक्याचे स्क्रू एकेक करून काढत मागे पोचलो, तर बॅटरीच्या बाजूच्या कोपऱ्यातला स्क्रू जागेवरच नव्हता. छिद्राच्या कडेला जुनी माती साचलेली, म्हणजे तो कधीच गेलेला असावा. झाकण उलटे करून पाहिले आणि पोटात धस्स झाले. आतला सगळा भाग काळा, स्वच्छ, पण त्याच कोपऱ्यातून टर्बोकडे जाणाऱ्या तोंडाच्या दिशेने बोटभर रुंदीचा पिवळट पट्टा गेला होता, ओढ्याला पूर येऊन गेल्यावर काठावर गाळ राहतो तसा. पांढरे फडके फिरवले, तर त्यावर भोरचा मुरूम. फिल्टरच्या कडेचा मऊ रबरी काठ त्या कोपऱ्यात दबलेलाच नव्हता. बाकी तिन्ही कोपऱ्यांत झाकणाची खूण उमटलेली होती, तिथे काठ कोरा. कागदातून काय निसटते यावर आपण इथे खल करत होतो, आणि माझ्याकडे धूळ कागदाला वळसा घालून जात होती.

झाकण, नळी, सगळे पुसून काढले. तात्पुरता दुसरा स्क्रू लावून मग मूळ प्रयोग केला. आमच्या सोसायटीत गवंडीकाम चालू आहे. तिथल्या गवंड्याकडून लेव्हल पाईप (पाणी भरून समपातळी पाहायची पारदर्शक नळी) मागून आणला. जुन्या बाजारातून याच मॉडेलचे एक भंगारातले झाकण मिळाले होते, त्याला भोक पाडून पाईपचे एक टोक तिथे घट्ट बसवले. पाईप खिडकीतून आत घेऊन एका फळीवर यू आकारात बांधला आणि त्यात रंगपंचमीचा उरलेला लाल रंग घातलेले पाणी भरले. मित्र फळी मांडीवर धरून बसला आणि मोबाइलवर चित्रण केले. रिकाम्या सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल, फेऱ्या सहा हजारांपर्यंत, प्रत्येक फिल्टरला तीन वेळा.

सेंटीमीटरची पट्टी बांधायला विसरलो, म्हणून मापे बोटांची आहेत. नव्या कागदी फिल्टरला दोन नळ्यांतल्या पाण्यात एक वितीचा फरक पडला. मित्राचा सुती फिल्टर घातला तेव्हा वीत भरायला तीन बोटे कमी पडली. माझा जुना कागदी फिल्टर वितीच्या वर चार बोटे गेला. शेवटी क्षणभर फिल्टर काढून नुसता डबा ठेवला, स्वच्छ रस्ता होता म्हणूनच, तरीही फरक अर्ध्या वितीहून थोडा जास्तच होता.

यंत्रवेडा

वा! दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे जवळपास एक किलोपास्कल. तीन बोटांचे पाच-साडेपाच सेंटीमीटर धरले, तर नवा कागद आणि सुती यांतला फरक अर्ध्या किलोपास्कलच्या आसपास येतो. मी गणितात तुमच्यावर मेहरबानी करून एक धरला होता. फिल्टर काढूनही अर्धी वीत राहते, याचा अर्थ निम्म्याहून जास्त अडथळा नळी आणि डब्याच्या वळणांचा आहे. आणि जुना कागद काढून नवा कागद घातल्याचा फायदा, कागद काढून सुती घातल्याच्या फायद्यापेक्षा मोठा निघाला. या धाग्यावरचे सर्वांत उपयोगी वाक्य गवंड्याच्या पाईपने लिहिले आहे.

ठाणेकर_टर्बो

प्रयोगाला दंडवत. पण माझी बाजू पूर्ण सोडणार नाही. उद्या कात्रजकरांनी गाडी रिमॅप करून, म्हणजे ईसीयूची मांडणी बदलून, बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवला, तर हवा वाढेल आणि ही तीन बोटे पाच होतील. तेव्हा सुती फिल्टरला अर्थ येईल की नाही?

यंत्रवेडा

येईल. डब्यात आणि नळीत हवेचा वेग वाढला की अडथळा वर्गाच्या पटीत वाढतो, कागदातून मात्र जवळजवळ सरळ पटीत. म्हणून रिमॅपनंतर आधी नळ्यांकडे पाहावे, मग फिल्टरकडे. ट्रॅकवर पळणाऱ्या, वरच्या फेऱ्यांतच राहणाऱ्या आणि दर काही महिन्यांनी तेल बदलणाऱ्या गाडीला मी स्वतः सुती फिल्टर सुचवेन. कात्रजकरांनी रिमॅप केला, तर फिल्टरच्या आधी त्यांचा कोरडा क्लच बोलेल.

मधुरा_नाशिक

कात्रजकर, पुढच्या तेलबदलाच्या वेळी जुन्या तेलाचा नमुना तपासणीला द्या. सिलिकॉन वाढलेले असेल तर धूळ आत गेली. त्याच्या जोडीने लोह आणि ॲल्युमिनियमही वाढलेले असेल तर तिने घासकामही केले. एका नमुन्यावरून घाबरू नका, कारण गॅस्केटच्या सीलंटमधूनही सिलिकॉन येते. दोन तेलबदलांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. आणि सुती फिल्टर कधी घेतलाच, तर पावसाळ्यात धुऊ नका. तो सावलीत, आपोआप वाळावा लागतो, हेअर ड्रायर चालत नाही, आणि जुलैत आमच्याकडे साधा पंचा दोन दिवस वाळत नाही. तोवर गाडी उभी.

कात्रजकर

निर्णय झाला. कंपनीला पुरवठा करणाऱ्याचाच कागदी फिल्टर, त्याच्या स्वतःच्या खोक्यातला, घेतला. घड्या एकसारख्या आहेत का आणि काठाचे रबर चिकट तर नाही ना, हे दुकानातच पाहून घेतले, कारण शेजारच्याच फळीवर हुबेहूब खोक्यातला डुप्लिकेट मालही होता. तेलाचा नमुना ठेवला आहे. आवाजाचे म्हणाल, तर मित्राच्या गाडीत बसून ऐकेन.

मूळ मापाचा स्क्रू सुट्या भागांच्या काउंटरवर मिळाला. आता प्रश्न असा, की छिद्र प्लॅस्टिकचे आहे आणि तात्पुरता स्क्रू लावताना ते थोडे सैल झाल्यासारखे वाटते. नवा नुसता घट्ट पिळू का?

वस्ताद_कोल्हापूर

अजिबात पिळू नका, आटे जातील आणि मग झाकणाऐवजी खालचा डबा बदलावा लागेल. स्क्रू छिद्रात उभा ठेवा, हाताने हलकेच उलटा, म्हणजे काढण्याच्या दिशेने फिरवा. फिरता फिरता तो जुन्या आट्यात पडेल आणि बारीक ‘टक्’ होईल. ते ऐकू आले की मगच सुलटा फिरवा, आणि झाकण टेकले की थांबा. अंगठा आणि दोन बोटे एवढाच जोर.

कात्रजकर

दुसऱ्या फेरीत ‘टक्’ झाले. झाकण चारही कोपऱ्यांत टेकले आहे.